भाजून घेतले

प्रिय वहिनी,

पत्र घरी न येता दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, आणि या वयात माझं लग्नही ठरलेलं नाही. घरी पाठवलं असतं तर तुझ्याआधी दादानं फोडलं असतं. पाकिटावर आपलं आडनाव दिसलं की आतला मजकूरही आपलाच, असं त्याला लहानपणापासून वाटतं. हे पत्र तुझ्या एकटीचं आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, आणि आधी चष्मा शोध. अख्ख्या गावाला चष्मे लावतेस आणि स्वतःचा कुठेतरी ठेवून विसरतेस.

सतरा वर्षांपूर्वी मी तुझ्याबद्दल दोन शब्द लिहिले होते. वॉर्डच्या रजिस्टरात, माझ्या हातानं. ते खरे होते की खोटे, हे मला आजही माहीत नाही, आणि गेले पाच महिने त्या दोन शब्दांनी माझा पिच्छा पुरवलाय. त्याचंच हे सगळं आहे. पण त्याची सुरुवात इतकी हसण्यासारखी आहे की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नमनाला घडाभर तेल जाईल, तुला माझी सवय आहे.

पाच महिन्यांपूर्वी आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खोलीत एक मुलगी आली. आहे डॉक्टरच, पण पेशंट तपासत नाही, आकडे तपासते. कुठलं दुखणं कोणाला होतं, कुठल्या वयात, वर्षाच्या कुठल्या दिवसांत, ते हजारो माणसांचं एकत्र मांडून बघायचं, म्हणजे पुढच्यांना वाचवता येतं, हे तिचं काम. आम्ही तिचं नाव आकडेवाली ठेवलं. ती रागावली नाही, उलट फोनवरसुद्धा ‘मी आकडेवाली बोलतेय’ म्हणायला लागली. तिचा विषय मात्र ऐकून मी खुर्ची जरा मागे सरकवली. आमच्या वॉर्डात भाजून आलेल्यांपैकी कितीजणांनी ते स्वतःहून केलं होतं आणि का, हे तिला शोधायचं होतं. तीस वर्षांची रजिस्टरं तिनं आधीच बाहेर देऊन कॉम्प्युटरवर चढवून घेतली होती.

तिनं मला स्क्रीनवर एक रेघ दाखवली. रेघ अगदी सपाट चाललेली, मग एका वर्षी अचानक डोंगरासारखी वर चढलेली, आठ वर्षं वरच, आणि मग धपकन खाली. त्या आठ वर्षांत वॉर्डात येणाऱ्या दर दोघांतल्या एकानं स्वतःला भाजलं होतं. पोरगी हुशार, तिनं त्याची कारणंही शोधली होती. नदीपलीकडचा कारखाना बंद पडला ते साल, महागाई वाढली ते साल, दोन वर्षं लागोपाठ पडलेला कडक उन्हाळा. तीन पानं लिहून झाली होती आणि वाचायला फार चांगली होती. मला म्हणाली, मावशी, तुम्ही इथल्या जुन्या, त्या वर्षी शहरात असं झालं तरी काय होतं? मी चष्मा लावला, साल बघितलं, आणि तिला म्हटलं, बाई गं, त्या वर्षी मी नोकरीला लागले होते.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. तुला आठवतेय ना आमची आई? घरात कोणाचा हात तव्याला लागो, चहा पायावर सांडो, तिचं एकच वाक्य: घेतलंस ना भाजून. मी बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी, आणि रजिस्टरात ‘कसे झाले’ या रकान्याला जागा तीन बोटं. मी घरात जे ऐकत आले तेच लिहायला लागले. बेकरीवाल्याचं मनगट ट्रेला चिकटलं, भाजून घेतले. एक आजी गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवून झोपल्या, भाजून घेतले. तीन वर्षांच्या पोरानं टेबलावरचं कापड ओढलं आणि किटली अंगावर घेतली, त्यालाही भाजून घेतले. आठ वर्षांनी छापील फॉर्म आले, त्यात खुणा करायच्या होत्या, तेव्हा कुठे माझी लेखणी थांबली.

आता ज्यांनी हे कॉम्प्युटरवर चढवलं त्यांच्याकडे आकड्यांची यादी होती. अपघात असेल तर एक, दुसऱ्यानं केलं असेल तर दोन, स्वतःहून असेल तर तीन. त्यांनी वाचलं ‘भाजून घेतले’. घेतले म्हणजे स्वतःच घेतले, मारला तीनचा आकडा. त्यांचंही काय चुकलं सांग. ते किटलीवालं तीन वर्षांचं पोर जिवाला कंटाळलेल्यांच्या यादीत जाऊन बसलं. आकडेवाली आधी पोट धरून हसली आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली, कारण तिची तीन पानं आणि तीन महिने पाण्यात गेले होते. मोठे डॉक्टर तेव्हापासून मी व्हरांड्यातून गेले की शेजारच्याला सांगतात, ही बघा, आमची आठ वर्षांची साथ चालली.

चारशे अठरा नोंदी होत्या. चूक माझी, तेव्हा निस्तरायलाही मीच. दोघी तळघरात जाऊन एकेकाचे जुने कागद काढायचो, वाचायचो, जमेल तिथे फोन करायचो. धूळ खाऊन खाऊन मला असा खोकला लागला की खालचा रखवालदार माझ्या खोकल्यावरून मी कुठल्या कपाटापाशी आहे ते ओळखायचा. बेकरीवाला अजून आहे. फोनवर त्याला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाला, बाई, मला जीव द्यायचा असता तर पहाटे तीनला उठून पाव कशाला भाजले असते, आरामात उठलो असतो. खरं सांगते वहिनी, इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकं हसले नव्हते. अपघाताचा गठ्ठा वाढत होता, डोंगर खाली येत होता, आणि मला वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी आकडेवालीनं दोन रजिस्टरं शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि विचारलं, मावशी, इथे तुमचं अक्षर का बदलतं?

मी बघितलं. बेकरीवाल्याच्या पुढे, आजीच्या पुढे, माझं नेहमीचं अक्षर, कोंबडीचे पाय. पण काही नावांपुढे तेच दोन शब्द सुबक, सावकाश, शाळेत शुद्धलेखनाला लिहावे तसे. अशी एकसष्ट निघाली. मला स्वतःला हे कधी कळलं नव्हतं, देवाशपथ. पण त्यातली एकेक नोंद वाचत गेले आणि आठवत गेलं. त्या बायका मला खाटेवर दिसल्या होत्या. भोवती घरची माणसं उभी, सगळी एकदम बोलणारी, आणि जिचं अंग भाजलंय ती भिंतीकडे तोंड करून गप्प. मला कळायचं. पण ‘अपघात’ लिहायला हात धजायचा नाही आणि दुसरं लिहिलं तर त्या घरावर काय कोसळेल याची भीती. अशा वेळी हे दोन शब्द फार सोयीचे होते. खोटंही नाही आणि उघडही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून मग मी ते सावकाश लिहायची.

आकडेवालीनं त्या एकसष्ट जणांचा वेगळा हिशेब मांडला. बहुतेक बायका. वय वीस ते पस्तीस. वेळ बहुतेक दुपारची, घर रिकामं असतानाची. हे तिला अपेक्षित होतं. पण एक गोष्ट तिनं लाल पेनानं अधोरेखित करून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक कागदावर हकिगत दुसऱ्याच कोणाच्या तोंडची होती. नवऱ्याच्या सांगण्यानुसार. सासूच्या सांगण्यानुसार. भावाच्या सांगण्यानुसार. एकसष्टांत एकीलाही, बाकीच्यांना बाहेर काढून, तुला काय झालं असं कोणी विचारलेलं नव्हतं. त्यांतल्या ज्या जगल्या आणि बोलायला तयार झाल्या त्यांच्याशी आकडेवाली स्वतः बोलली, दार लावून. मला तिनं नावं सांगितली नाहीत, एवढंच सांगितलं की मरायचं होतं असं फार थोड्या म्हणाल्या. बऱ्याच जणी म्हणाल्या, तेव्हाचे ते दिवस संपायला हवे होते, दुसरं काही सुचत नव्हतं, आणि त्या तासाभरात कोणी आलं असतं तर ती वेळ टळून गेली असती.

त्या एकसष्टांत तुझा कागद होता, वहिनी. सगळ्यांत सुंदर अक्षर तुझ्या नावापुढे आहे.

तो दिवस तू आणि मी कधी बोललो नाही. घरात आपण ‘वहिनीला भाजलं तेव्हा’ असं म्हणतो, जसं ‘पाऊस पडला तेव्हा’ म्हणावं. कोणी काही केलं नाही, नुसतं भाजलं. मी त्या दुपारी कामावरच होते. तुला आणलं तेव्हा आई सोबत होती, दादा मागून धावत आला. डॉक्टर विचारत होते तुला आणि उत्तरं देत होती आई. दूध उतू जात होतं, ही घाईनं धावली, ओट्याशी पाय घसरला. दादा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तू माझ्याकडे बघितलंस. आणि मला माहीत होतं की त्या दिवशी घरात दूध नव्हतं. सकाळी ते नासलं होतं, तूच ओतून टाकलंस, आणि मी कोरा चहा पिऊन तोंड वाकडं करत निघाले होते. मला माहीत होतं, आणि मी मान खाली घालून रजिस्टर पुढे ओढलं. वर लिहिलं, सासूच्या सांगण्यानुसार. आणि रकान्यात ते दोन शब्द.

आई वाईट नव्हती गं. तिला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागायची, आणि तुझी जागा तिनं तू उंबऱ्यात यायच्या आधीच ठरवून टाकली होती. लग्नाआधी पाच वर्षं चष्म्याच्या दुकानात उभी राहून काम केलेली बाई तू, लोकांच्या नाकाचं माप नुसत्या नजरेनं सांगायचीस. तिला आम्ही दिवसभर चार भिंतींत बसवलं आणि वर म्हणालो, आता आराम कर. दादा तर बोलायचाच नाही, त्याच्या जिभेला जणू भाडं पडायचं. उरले मी. मी सकाळी आठला बाहेर, संध्याकाळी सहाला घरात. त्या आठवड्यात तू मला तीनदा म्हणालीस, वन्सं, आज जरा लवकर याल का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असून मला वन्सं म्हणायचीस आणि अहोजाहो करायचीस, मला चिडवायला, म्हणून तेही मी चिडवणंच समजले. बघते म्हणाले तिन्ही वेळा. तिन्ही दिवशी सहालाच आले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नंतर मात्र मी तुला सोडलं नाही, हे तुलाही मान्य करावं लागेल. ते अडीच महिने मी जेवणाची सुट्टी तुझ्या खाटेशी काढली. तुला हात हलवता येत नव्हते म्हणून पेपर वाचून दाखवायची, आणि बातम्या नको म्हणालीस म्हणून छोट्या जाहिराती. कोणाची तरी कवळी बसमध्ये हरवली होती आणि आणून देणाऱ्यास योग्य इनाम होतं. त्यावर तू पहिल्यांदा हसलीस, आणि हसताना मानेची कातडी ओढली गेली म्हणून मला शिव्या दिल्यास. त्या शिव्या ऐकून सिस्टर धावत आली आणि मी रडत होते. मला वाटलं, आता झालं, आली परत. मग तुम्ही दोघं गाव सोडून गेलात, तू पुन्हा दुकानात उभी राहिलीस, ढमी झाली, दादा चक्क बोलायला लागला, निदान क्रिकेटवर तरी. सगळं इतकं छान जुळून आलं की जुनं उकरायला नको, असं मी मनाशी धरून बसले. खरं तर मला भीती वाटायची. तू सांगितलंच असतंस तर मग माझ्या त्या तीन ‘बघते’चंही निघालं असतं.

यादी गेल्या महिन्यात पूर्ण झाली. नवीन तक्त्यात आकडेवालीनं एक रकाना वाढवलाय: रुग्णाला एकटं असताना विचारले का. त्यापुढे: उत्तर. माणूस सापडला नाही किंवा बोलायचं नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायची मुभा आहे. तुझी ओळ तिनं माझ्यावर सोपवली, तू माझी कोण हे तिला ठाऊक आहे. मी तुला न विचारता पहिल्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि दुसऱ्यात ‘माहीत नाही’. तक्ता गेला, छापूनही येईल, त्यात कोणाचं नाव नसतं. तेव्हा तुझ्याकडून मला अभ्यासासाठी काहीही नकोय, हे नीट लक्षात घे. फक्त ते ‘माहीत नाही’ लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं. कवळीच्या जाहिरातीपासून ढमीच्या पहिल्या दातापर्यंत तुझं मला सगळं माहीत आहे, आणि ही एक गोष्ट माहीत नाही, कारण मी विचारली नाही.

आता हे आजच का लिहितेय ते सांगते. गेल्या रविवारी ढमीचा फोन आला होता. आईला सांगू नकोस म्हणाली, म्हणून तुलाच सांगतेय. म्हणाली, आत्या, आई हल्ली दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत नुसती बसते, डबा तसाच परत आणते, विचारलं तर काही नाही गं म्हणते, आणि बाबा म्हणतात दमली असेल. चौदा वर्षांची पोर आहे, पण तिनं बघितलं आणि तिनं सांगितलं, जे मी अठ्ठावीस वर्षांची घोडी असताना केलं नाही. कदाचित तू खरंच दमली असशील. तसं असेल तर मला मनसोक्त हस, मोठ्या डॉक्टरांसारखं नवीन नाव ठेव, मी ऐकून घेईन. पण दादाच्या सांगण्यानुसार मी आता काही मानणार नाही. हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शनिवारी सकाळच्या बसचं तिकीट काढलंय, दुपारी दुकानात पोचते. तोवर रोज दुपारी मी फोन करीन, तो उचल. त्याआधी कधीही जड वाटलं तर तू कर, मी हातातलं टाकून बोलेन. आणि शनिवारी तुझ्या शेजारच्या स्टुलावर बसून मी विचारणार आहे, तेव्हा काय झालं होतं, आणि आत्ता काय होतंय गं तुला. सांगावंसं वाटेल तेवढं सांग. नाही वाटलं तर दोघी नुसत्या बसू. या वेळी मी काहीही लिहून घेणार नाहीये.

तुझीच,
तुझ्याहून लहान असलेली
वन्सं